दोन वकील आणि जिन्याखालची खुर्ची

आईचा फोन आला तेव्हा मी आयर्लंडमधल्या शॅननच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये क्लीनरूमच्या बाहेर डोक्यावरची जाळी काढत उभी होते. आम्ही हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवतो, त्यामुळे आत फोन नेता येत नाही, आणि आईला हे माहीत असल्यामुळे ती बरोब्बर माझ्या ब्रेकला फोन करते. म्हणाली, "तुझ्या बाबांना तीन महिने तिकडं ठेवून घे."

मी घाबरून विचारलं, तब्येत बरी आहे ना. ती म्हणाली तब्येत एकदम चांगली आहे, तीच तर अडचण आहे.

तर आधी बाबांचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बाबा सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावात वकील आहेत. बांधाचे वाद, वाटण्या, विहिरीवरची पाळी, कुणाच्या म्हशीने कुणाचा ऊस खाल्ला, असलं सगळं. घरातच पुढच्या खोलीत ऑफिस. आणि माझ्या जन्माच्या आधीपासून बाबांना नगरसेवक व्हायचंय. नगरपालिकेची निवडणूक आली की लोक येऊन म्हणतात, वकीलसाहेब, यंदा तुम्हीच. बाबा नको नको म्हणत पांढरं जाकीट बाहेर काढतात. ते जाकीट पहिल्या वेळी शिवलेलं. दर निवडणुकीला आई ते बाजूने थोडं उसवून सैल करून देते आणि दर निवडणुकीला पक्ष शेवटच्या क्षणी तिकीट दुसऱ्याला देतो. मग जाकीट परत कपाटात. मागच्या वेळी तिकीट गेलं तेव्हा बाबा महिनाभर जेवताना कुणाशी बोलले नव्हते. कोर्टात नीट बोलायचे, कारण तिथे फी घेतलेली असते.

आता बरीच वर्षं रखडलेल्या निवडणुका परत लागणार अशी हवा होती आणि लोक परत घरी यायला लागले होते. आई म्हणाली, मला तो महिना परत नको. माणूस गावातच नसला तर अर्ज कोण भरणार.

मला हे पटलं. मी तिकीट काढलं, विमानाचं. बाबा आले. बॅग उघडली तर शेंगदाण्याची चटणी, माझ्यासाठी स्वेटर, आणि तळाशी घडी घालून पांढरं जाकीट.

"थंडी असती म्हणं," बाबा म्हणाले.

मी लिमरिकला मास्टर्स केलं आणि नोकरी लागल्यावर जवळच्या क्लेअर जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात खोली घेतली, कारण लिमरिकमध्ये खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर त्यात अजून चार जण असतात. गाव म्हणजे एक मुख्य रस्ता, एक पूल, दोन पब, त्यातला एक बंद. माझी घरमालकीण निवृत्त शिक्षिका आहे, एकटी राहते, आणि कुठल्याही गोष्टीला "ग्रँड" म्हणते, म्हणजे सगळं ठीक. बॉयलर बंद पडला तरी ग्रँड. बाबांना तिने मागची छोटी खोली दिली आणि बाबांचे बनियन वाळायला हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, एक आख्खा कप्पा रिकामा करून दिला. बाबा तिला मॅडम म्हणतात. ती शेंगदाण्याची चटणी टोस्टवर लावून खाते.

आणि आता मुख्य गोष्ट. ह्या गावात एकोणिसाव्या शतकात एक वकील होता. दुकानदाराचा मुलगा, गावातच ऑफिस, कुळांच्या केसेस लढवायचा, लोक फीऐवजी अंडी आणि लोणी आणून द्यायचे. मग तो निवडणुकीला उभा राहिला आणि लंडनच्या पार्लमेंटात गेला, कारण तेव्हा इथेही इंग्रजांचंच राज्य होतं. मुख्य रस्त्यावरचं त्याचं घर म्हणजे आता गावकऱ्यांनी मिळून चालवलेलं म्युझियम आहे, फक्त शनिवारी उघडतं, आणि ते उघडते कोण, तर माझी घरमालकीण. ती त्याचं नाव कधीच घेत नाही. "युअर मॅन" म्हणते. इथे कुठल्याही पुरुषाबद्दल असंच बोलतात, आपण 'तो' म्हणतो तसं. पण हिच्या तोंडी युअर मॅन म्हणजे कायम तोच.

त्याची पुढची गोष्ट अशी की तेव्हा खासदारांना पगार नव्हता. तो लंडनमध्ये भाड्याच्या खोलीत राहायचा, इकडे वकिली बसत गेली, पार्लमेंटात तो फारसा बोललाच नाही, बोलला ते आमच्या नदीवरच्या पुलाबद्दल, आणि तो पूल त्याच्या मरणानंतर झाला. शेवटी तो तिकडेच खोकल्याने गेला. दारावरच्या फलकावर हे सगळं लिहिलंय, खाली त्याचा अर्धपुतळा, नाकाचा टवका गेलेला.

मी हे वाचलं होतं, आणि बाबा येणार म्हटल्यावर मला वाटलं, यार, परफेक्ट. छोट्या गावातला वकील राजकारणात गेल्यावर त्याचं काय होतं, ह्याचं आख्खं दोन मजली म्युझियम माझ्या घरापासून चालत जायच्या अंतरावर आहे. पहिल्याच शनिवारी बाबांना घेऊन गेले.

वकिलाच्या घरात वाढलेल्या मुलीने अशी चूक करायला नको होती. वकिलाला पुरावा दाखवला की तो पटवून घेत नाही. तो आधी विचारतो, दुसऱ्या बाजूने कोण उभं आहे.

बाबांनी फलक वाचला. चष्मा वर करून परत वाचला. खालच्या मजल्यावर युअर मॅनचं ऑफिस आहे, तिथलं टेबल, उंच टोपी, पिसाची लेखणी, सगळं बघितलं. मी हळूच म्हटलं, बघा ना बाबा, काय मिळालं बिचाऱ्याला.

"एकतर्फी हाय हे सगळं," बाबा म्हणाले. "ह्याच्या बाजूनं कुणी बोललंच नाही की."

आणि त्यांनी युअर मॅनचं वकीलपत्र घेतलं.

पुढच्या शनिवारी बाबा जाकीट घालून गेले. वर माझा रेनकोट. त्यानंतर दर शनिवारी. बाबांचं म्हणणं असं होतं की पूल मरणानंतर झाला तरी मागणी त्याची होती, म्हणजे दावा वारसांच्या हक्कात निकाली निघाला. आणि तेव्हा मत गुपचूप देता यायचं नाही, जमीनदाराच्या माणसांसमोर मोठ्याने नाव सांगावं लागायचं. तरी लोकांनी ह्याचं नाव घेतलं, मग हा माणूस फुकट गेला असं कसं म्हणता. हे ते माझ्याशी मराठीत बोलायचे आणि म्युझियममध्ये आलेल्या लोकांशी कोर्टातल्या इंग्रजीत. युअर मॅनला ते "माय क्लायंट" म्हणायचे. एका अमेरिकन जोडप्याला वाटलं हे म्युझियमनेच ठेवलेत. त्यांनी बाबांच्या जाकिटाचा फोटो काढला.

घरमालकीणबाई जिन्याखाली एका खुर्चीत बसून तिकीट देते. लाकडी, साधी, एक पाय बाकीच्यांपेक्षा नवा. ती खुर्ची युअर मॅनच्या बायकोची आहे. हे फलकावर नाही. बाई सांगते की तो लंडनला गेल्यावर बायको तिथे बसायची. बायकांना तेव्हा वकील होता यायचं नाही, सह्या एक म्हातारा कारकून करायचा, पण कुळं यायची ती हिच्याकडे. नोटीस आली, काय करू. हिला सगळं माहीत असायचं. बाईच्या मते युअर मॅनने टोपी घातली आणि काम हिने केलं.

बाबांनी लगेच हरकत घेतली. पुरावा काय, म्हणाले. काही लिहिलेलं आहे का?

"तिला लिहायला वेळ कुठे होता," बाई म्हणाली.

"मग नुसती खुर्ची हा पुरावा होत नाही, मॅडम."

"बसून बघा," बाई म्हणाली.

बाबा काही बसले नाहीत. पण हे दर शनिवारी व्हायचं. बाबा युअर मॅनसाठी भांडायचे आणि बाई त्याच्या बायकोसाठी. पबमधून दोन म्हातारे नुसतं ऐकायला यायचे आणि तिकीटही घ्यायचे. घरी आल्यावर बाबा आणि बाई एकत्र बसून चहा प्यायचे आणि युअर मॅनबद्दल एक शब्द काढायचे नाहीत, जसे कोर्टाच्या बार रूममध्ये वकील बसतात. मी आईला रोज रिपोर्ट द्यायचे. ती म्हणायची, रमलेत ना, मग झालं.

आणि मग वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत निघाली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, कुठल्या वॉर्डातून बाई उभी राहणार, कुठून कोण, हे नगरपालिकेत चिठ्ठ्या काढून ठरतं. बाबांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला.

बातमी बाबांना त्यांच्या ज्युनियरने फोनवर सांगितली. मी समोर पोहे खात होते. बाबांनी फोन टेबलावर ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. बाहेर शेजाऱ्यांच्या कचऱ्याचे डबे होते. मला वाटलं आता महिनाभर गप्प. मला वाईटही वाटत होतं आणि सुटल्यासारखंही, दोन्ही एकदम.

पण दुपारपर्यंत बाबा खुलले. म्हणाले, मग तुझी आई उभी राहील.

हे आमच्याकडे नवीन नाही. वॉर्ड बायकांसाठी गेला की नवरा बायकोला उभी करतो. ती अर्ज भरते, तो प्रचार करतो, ती निवडून येते, तो मीटिंगच्या बाहेर गाडीत बसून फोन करतो. पोस्टरवर तिचा फोटो असतो, शेजारी त्याचा, हात जोडलेला, जरा मोठा. गावात त्याला लोक नगरसेवकच म्हणतात, तिला वहिनी. बाबांनी संध्याकाळपर्यंत पोस्टरसुद्धा ठरवलं. जाकिटातला फोटो हवा म्हणून म्युझियमच्या दारासमोर उभं राहून मला काढायला लावला. मागे युअर मॅनचं नसलेलं नाक येत होतं, म्हणून परत काढला. परतीचं तिकीट अलीकडे घे म्हणाले, किती लागतील ते लागू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. आई ऑफिसच्या दारातल्या बाकावर बसली होती, जिथे ती नेहमी बसते. पक्षकार आत जायच्या आधी तिथे टेकतात, चहा पितात आणि आईला सगळं सांगून मोकळे होतात. बाबांना नंतर तेच कायद्याच्या भाषेत सांगतात.

बाबांनी प्रस्ताव मांडला. मुद्देसूद. मध्ये आईने एकदा कुणाला तरी साखर किती विचारलं.

"झालं तुमचं?" आई म्हणाली. "मी काल हो म्हणून सांगितलंय त्यान्ला."

"कुणाला?"

"पक्षाची माणसं आली होती. तुम्ही गावात नाही म्हटल्यावर निघाली होती. मीच म्हटलं, बसा, चहा घ्या."

बाबा म्हणाले, बरं, मग मी पुढच्या आठवड्यात निघतो.

"तुम्ही मतदान झाल्यावर यायचं," आई म्हणाली. "तुम्ही आलात की लोक माझ्या डोक्यावरून तुमच्याकडं बघत्यात. मला बघू दे मला कोण बघतंय."

"आणि मी काय करायचं इथं?"

"ते म्युझियम का काय हाय की."

बाबांनी पोस्टरचं विचारलं. फोटो एकच आहे, आई म्हणाली, माझा. मग म्हणाली जाकीट कपाटात नाही, हँगर रिकामा आहे, ते तुमच्याकडंच आहे ना, हरवू नका. आणि साखर सांगणारा माणूस परत काहीतरी म्हणाला म्हणून तिने फोन ठेवला.

मी म्हटलं, बाबा, मला काही माहीत नव्हतं ह्यातलं. हे खरं होतं. पण त्याच्या आधीचं सगळं माहीत होतं.

"तुला मला इथं अडकवायला सांगितलं होतं ते ठाऊक हाय मला," बाबा म्हणाले. "परतीची तारीख बघितली तवाच कळलं. तुझी आई साक्षीदार म्हणून लई कच्ची."

"मग आलात कशाला?"

"म्हटलं ह्या वेळी तिकीट कापलं गेलं तर निदान गावात नसावं."

असं म्हणून ते चटणी शोधायला उठले. चटणी संपली होती. बाईने संपवली होती.

पुढचे काही दिवस बाबा गप्पच होते, नेहमीचे गप्प. जेवताना ताटाकडे बघायचे. बाईने मला विचारलं, तुझे वडील ग्रँड आहेत ना, आणि ह्या वेळी तो प्रश्न होता. मी तिला सगळं सांगितलं. ती फार हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, शनिवारी मला लिमरिकच्या हॉस्पिटलात कमरेचं दाखवायला जायचंय, म्युझियम बंद ठेवावं लागेल, नाहीतर कुणीतरी तिकिटावर बसायला हवं.

शनिवारची अपॉइंटमेंट तिने कशी मिळवली मला माहीत नाही. मी गाडी काढली आणि तिला घेऊन गेले. बाबांना किल्ली दिली.

आम्ही परत आलो तेव्हा बाबा जिन्याखालच्या खुर्चीत बसलेले होते, जाकीट घालून, मांडीवर तिकिटांचा डबा. कमरेचं काय झालं विचारलं, बाईने ग्रँड म्हणून सांगितलं. मग बाबा माझ्याकडे वळले आणि मराठीत बोलायला लागले, पण बोटं दाखवून, त्यामुळे बाईलाही कळत असावं.

"इथनं रस्ता दिसतो बघ. पुढचं दार दिसतं. ऑफिसात कोण चाललाय, कोण रडत बाहेर आला, वर कोण गेला. सगळी आधी माझ्यापाशी थांबली. एक बाई तर तिच्या सुनेचं सांगून गेली, मला निम्मं कळलं नाही. मग ऑफिसात जाऊन आपल्या माणसाच्या टेबलामागं उभा राहिलो. तिथनं काय दिसतं?"

मी म्हटलं, काय?

"भिंत."

मग म्हणाले, "आणि तुझी आई बाकावर बसती, तवा मी म्हणायचो, दारात बसू नको, बरं दिसत नाही."

बाईने विचारलं, वकीलसाहेबांचं काय म्हणणं आहे. बाबा उठले, डबा तिच्या हातात दिला, आणि इंग्रजीत म्हणाले की मी माझं वकीलपत्र मागे घेतोय. बाई म्हणाली, घाई नको, युअर मॅनलाही कुणीतरी हवंच. मग तेव्हापासून असं ठरलं की एका शनिवारी बाबा युअर मॅनची बाजू मांडणार आणि एका शनिवारी बायकोची. बायकोची बाजू ते तेवढी चांगली मांडायचे नाहीत, सारखं "इन माय ओपिनियन" यायचं. पबमधले म्हातारे तसं स्पष्ट म्हणायचे. पण मी बघितलं की त्या शनिवारी बाबा आधी येणाऱ्याला विचारायचे, तुम्ही कुठून आलात, आणि उत्तर संपेपर्यंत थांबायचे. हे त्यांनी घरी कधी केलेलं नाही.

आईला फोन रोज व्हायचा. बाबा सल्ले द्यायचे, आई हं हं करायची. एकदा मात्र तिने स्वतःहून विचारलं, मागच्या आळीतल्या गटारीची जुनी केस काय झाली होती हो. बाबांनी अर्धा तास सांगितलं. फोन ठेवल्यावर इतके खूश होते की बाईबरोबर तिने केलेल्या पुडिंगचा दुसरा वाडगा खाल्ला, जे त्यांना आवडत नाही.

मग पोस्टर आलं, व्हॉट्सअ‍ॅपवर. आई, निळ्या काठाची साडी, हात जोडलेले, चेहरा असा की कुणीतरी साखर जास्त घातलीय. फोटो एकच. बाबांनी ते दोन बोटांनी मोठं केलं. आधी आईचा चेहरा बघितला, मग चिन्ह, मग खाली नावावर आले आणि तिथे थांबले. आमच्याकडे बाईचं पूर्ण नाव लिहिताना मध्ये नवऱ्याचं नाव येतं. आधी तिचं, मग त्याचं, मग आडनाव.

"हाय की मी," बाबा म्हणाले. "मधी."

बाईने विचारलं ह्यात तुम्ही कुठे आहात. बाबांनी बोट ठेवलं. तिला देवनागरी वाचता येत नाही, तिने चष्मा लावून नीट बघितलं आणि ग्रँड म्हणाली.

आई निवडून आली. निकाल आला तेव्हा मी क्लीनरूममध्ये होते, म्हणजे फोनशिवाय, त्यामुळे मला सगळ्यात शेवटी कळलं. घरी आले तर बाबा आणि बाई टोस्ट खात बसले होते. बाबा म्हणाले, आली तुझी आई, आणि परत टोस्ट खायला लागले. कान लाल झाले होते फक्त.

निघताना बॅग मी भरली. जाकीट आत ठेवायला घेतलं तर बाबा म्हणाले, इथंच राहू दे. मी म्हटलं, आई विचारेल ना, हँगर रिकामा आहे. म्हणाले, सांग तिला, कामाला लागलं.

आता ते घरमालकीणबाई घालते. जिन्याखाली वारा येतो, आणि आईने इतक्या निवडणुका उसवून सैल केलेलं असल्यामुळे ते तिच्या कार्डिगनवर नीट बसतं. मागच्या शनिवारी एक पर्यटक तिला विचारत होता, हे त्या खासदाराचं होतं का. बाई म्हणाली, नाही, हे बायकोच्या बाजूचं आहे.